पणजोबांची रेशमी पोस्टकार्डं: धुऊ नका, लॅमिनेट करू नका, एकमेकांपासून तोडू नका

सातारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाने फोटो पाठवून सल्ला विचारला आहे. गावच्या घरी पणजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, भरतकाम केलेली दोन पोस्टकार्डं निघाली. एकावर जांभळी-पिवळी पॅन्झीची फुलं आणि खाली इंग्रजीत 'टू माय डिअर मदर'. दुसऱ्यावर १९१५ हा आकडा, त्याच्याभोवती झेंडे. हे दुसरं खिशासारखं उघडतं आणि आत 'सुव्हनिर द फ्रान्स' असं छापलेलं बोटभर कार्ड आहे. पहिल्याच्या पाठीवर पेन्सिलीने मोडीत चार ओळी लिहिल्यात, त्या घरात कुणाला वाचता येत नाहीत. दोन्हींवर तिकीट नाही, टपालाचा शिक्काही नाही. पणजोबा खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर तुकडीत होते आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले होते, एवढं घरात ऐकून माहीत आहे.

त्यांचे प्रश्न असे: पिवळे डाग पडलेत, रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुतलं तर चालेल का? फ्रेमवाला लॅमिनेट करून बोर्डावर चिकटवून देतो म्हणतो, द्यावं का? ही फ्रेंच बायकांनी हातानं भरलेली आहेत हे खरं का? तिकीट नाही म्हणजे खोटी तर नाहीत? झेंड्यांत एक तिरंगा दिसतो, तो आपला का? आणि शेवटी, किंमत किती?

माझं काम जुन्या कागदाच्या आणि कापडाच्या जतनाचं. या कार्डांत कागद, रेशीम, खळ आणि रंग सगळं एकाच जागी घट्ट बसलेलं असतं. त्यामुळे एकाला बरं करायला गेलं की दुसऱ्याला इजा होते. तेव्हा उत्तर लांबणार आहे, पण पहिली गोष्ट पाण्याची, कारण ती घाईची आहे.

रिठा, शाम्पू, लिंबू-मीठ, ओला कापूस, वाफेची इस्त्री, यातलं काहीही या कार्डांच्या जवळ आणू नका. कारण पाठीवरची ती पेन्सिल. मोडीतला मजकूर फोटोत करडा दिसतो, पण दुसऱ्या ओळीतला एक शब्द जांभळा झालेला आहे आणि त्याच्या कडा पसरल्यात. याचा अर्थ ही साधी शिसपेन्सिल नाही, ही कॉपिंग पेन्सिल आहे. तिच्या कांडीत ग्राफाइटबरोबर पाण्यात विरघळणारा जांभळा ऍनिलिन रंग कालवलेला असे. कोरडी असताना अक्षर करडं, ओल लागली की गडद जांभळं, आणि मग खोडता येत नाही. खंदकात शाईची दौत सांभाळायची कशी? म्हणून त्या काळी फौजेत ही पेन्सिल सर्रास वापरात होती, आणि टोक जिभेला लावून लिहायची सवयही. तुमच्या त्या जांभळ्या शब्दावर कधीतरी ओलं बोट टेकलं असेल किंवा पावसाचा थेंब पडला असेल. आता विचार करा, अख्खं कार्ड रिठ्याच्या पाण्यात गेलं तर काय होईल. दोन मिनिटांत चारही ओळींचा जांभळा डाग होईल, आणि तो रंग पुठ्ठ्यातून पुढच्या रेशमात उतरेल. हे मी भीती घालायला सांगत नाही. असं झालेली कार्डं माझ्या टेबलावर आली आहेत, आणि त्यांचा मजकूर परत आणण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

मजकूर नसता तरीही पाणी नकोच म्हटलं असतं. हे कार्ड म्हणजे तीन थर. मागे साधा पुठ्ठा, त्यावर 'कार्त पोस्ताल' (फ्रेंचमध्ये पोस्टकार्ड) असं छापलेलं. मधे ऑर्गंझासारखं पातळ, पारदर्शक रेशीम, त्यावर भरतकाम. आणि पुढून खिडकी कापलेला कागद, ज्यावर ठसा उठवून वेलबुट्टी काढलेली असते. सगळं मिळून साधारण ९ बाय १४ सेंटिमीटर, म्हणजे तेव्हाच्या पोस्टकार्डाचंच माप. हे थर खळीने चिकटवलेले. पाणी लागलं की खळ सुटते, उठावाची वेलबुट्टी सपाट होते, पुठ्ठा फुगतो आणि रेशीम सुरकुतून आकसतं. लाल आणि जांभळ्या धाग्यांचा रंग फुटतो तो वेगळाच. शिवाय पिवळे डाग हा मळ नाहीच. स्वस्त लाकडी लगद्याचा पुठ्ठा शंभर वर्षांत आम्लाने पिवळा पडतो, आणि दमट हवेत तपकिरी ठिपके उठतात. ते आतून आलेले आहेत. धुऊन जाणार नाहीत. ते तसेच राहू द्या.

आता हातानं भरलेली का, याबद्दल. ही गोष्ट जगभर सांगितली जाते. विक्रेते सांगतात, कित्येक संग्रहांच्या नोंदींतही वर्षानुवर्षं तसंच लिहिलेलं आहे: फ्रान्स आणि बेल्जियममधल्या बायका-मुली, युद्धाने उघड्यावर आलेल्या, घरी बसून रेशमाच्या पट्ट्यांवर टाके घालायच्या, मग त्या पट्ट्या शहरात जायच्या, तिथे कापून कार्डांवर चिकटवायच्या. पट्ट्या, कापणं, चिकटवणं हे सगळं खरं. पण बहुसंख्य कार्डांवरचं भरतकाम सुई-रिंग घेऊन मांडीवर केलेलं नाही. ते यंत्रावर झालेलं आहे. मात्र 'यंत्र' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, तसं ते नव्हतं. आणि मला वाटतं, खरी हकिकत त्या लाडक्या गोष्टीपेक्षा जास्त मोलाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हे यंत्र फ्रान्समधल्या म्युलूझच्या जोसुए हाइलमान याने १८२८च्या सुमारास तयार केलं. पुढे स्वित्झर्लंडमध्ये सेंट गॅलन आणि आसपासच्या खेड्यांत ते एवढं रुजलं की पहिल्या महायुद्धाआधी भरतकाम हा त्या देशाचा सर्वांत मोठा निर्यातधंदा होता. उत्तर फ्रान्समध्येही, सेंट-क्वेंतँच्या बाजूला, ही यंत्रं होती. यात मोटर नाही, वाफ नाही. कापड एका मोठ्या चौकटीत उभं ताणलेलं असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना रुळांवर पुढे-मागे सरकणारे दोन गाडे, आणि गाड्यांवर शेकडो चिमटे. सुई वेगळीच: दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि नेढं मध्यभागी. एका बाजूचा गाडा सगळ्या सुया कापडात खुपसतो, पलीकडचा गाडा त्या चिमट्यांत पकडून धागा ओढून घेतो. मग परत उलट. म्हणजे हातानं भरताना आपण सुई वरून खाली आणि खालून वर नेतो, तेच इथे एकाच वेळी शेकडो सुयांनी होतं.

आणि हे चालवणारा एकच माणूस असे. त्याच्या डाव्या हाताशी पँटोग्राफ, म्हणजे आडव्या-उभ्या पट्ट्यांचा सांगाडा. समोर सहापट मोठा काढलेला नमुना. एकेका टाक्याच्या टोकावर तो पँटोग्राफचा काटा नेऊन टेकवतो, त्याबरोबर कापडाची अख्खी चौकट सहाव्या हिश्श्याने सरकते. उजव्या हाताने तो चाक फिरवून गाडा हलवतो, पायांनी पायट्या दाबून चिमटे उघडतो-मिटतो. डावा हात, उजवा हात, दोन्ही पाय, आणि डोळे नमुन्यावर. पॅन्झीच्या एका पाकळीतले सगळे टाके असे एकेक करून पडलेले आहेत. प्रत्येक सुईत जेमतेम मीटरभर धागा. तो संपला की सगळ्या सुया पुन्हा ओवायच्या. रंग बदलायचा तरी पुन्हा ओवायच्या. हे ओवण्याचं काम घरातल्या बायका आणि मुलं करत, पुढे त्यासाठीही यंत्र निघालं. तुमच्या पॅन्झीत जांभळा, पिवळा, हिरवा, तपकिरी आणि अक्षरांचा निळा असे पाच रंग दिसतात. म्हणजे निदान पाच वेळा शेकडो सुया ओवल्या गेल्या.

म्हणूनच हे भरतकाम इतकं हातचं वाटतं. यातला धागा एकेरी आहे, तो कापडाच्या आरपार जातो आणि सॅटिन टाका दोन्ही बाजूंनी सारखाच गुळगुळीत दिसतो. १८६३ साली इझाक ग्रोब्ली याने जे शिफली यंत्र काढलं त्यात शिवणयंत्रासारखे दोन धागे असतात, वरचा आणि बॉबिनचा. पाठीमागून भिंगाने पाहिलं की तो फरक लगेच कळतो. हाइलमानच्या यंत्रातून निघालेला माल आणि हातचा माल यांत मात्र भलेभले फसतात.

तुमच्याकडचं खिशाचं कार्ड इथे उपयोगी पडेल, कारण त्यात भरतकामाची पाठ बघता येते. कोरड्या स्वच्छ हातांनी, झडप जेवढी आपसूक उचलली जाते तेवढीच उचला, मागे मोडू नका. आतून बॅटरीचा तिरका उजेड टाका आणि भिंग लावा. एका झेंड्यावरून दुसऱ्यावर जाणारे धागे दिसतील, गाठ न मारता तसेच पुढे नेलेले. मग जुन्या वस्तूंच्या लिलावांचे फोटो इंटरनेटवर असतात, त्यांत याच नमुन्याचं दुसरं कार्ड शोधा. सापडण्याची शक्यता चांगली आहे. दोन्हींतले टाके मोजा. एका पट्ट्यात जेवढे टाके तुमच्याकडे, तेवढेच तिकडे, आणि धागा उडी मारतो तीही त्याच जागी. हातानं भरणारी कितीही कसबी असली तरी दोन पानं टाक्याला टाका अशी जुळत नाहीत. ज्यांनी आयुष्यात एक तरी टेबलक्लॉथ भरला आहे त्यांना हे सांगायला नको.

पण तुमच्या १९१५च्या कार्डात मला एक गोष्ट दिसली. बेल्जियमच्या झेंड्याचा काळा पट्टा मोठा करून पाहा. खालून तिसरा-चौथा टाका बाकीच्यांपेक्षा किंचित तिरका आहे आणि धाग्याचा काळाही थोडा वेगळा, जास्त चमकणारा. यंत्रावर एखाद्या सुईचा धागा तुटला की तेवढ्या एका नमुन्यात टाके गळायचे. मग पट्टी यंत्रावरून उतरली की दुरुस्ती करणारी बाई ते गाळलेले टाके सुईने भरून काढायची. ते दोन टाके तसे वाटतात. तेव्हा 'कुणा बाईच्या हातचं' असं म्हणायचं असेल तर तुमच्या कार्डात त्याला जागा आहे, आणि ती बोट ठेवून दाखवता येते.

ही कार्डं युद्धासाठी निघालेली नाहीत. १९०० सालापासून ती बाजारात होती, वाढदिवसाची, नववर्षाची. पण १९१४ ते १९१८ या काळात फ्रान्समध्ये लाखो ब्रिटिश सैनिक आले, १९१७पासून अमेरिकन आले, आणि खप कुठल्या कुठे गेला. एक कोटीपर्यंत कार्डं निघाली असावीत असा अंदाज सांगतात. आघाडीच्या मागच्या गावांत, जिथे सैनिक विश्रांतीला येत, तिथल्या खाणावळींत आणि दुकानांत ती मिळत. आई, बहीण, बायको, प्रेयसी यांच्यासाठी इंग्रजी मजकुराची, रेजिमेंटच्या बिल्ल्यांची, मित्रराष्ट्रांच्या झेंड्यांची, पंखांत झेंडे भरलेल्या फुलपाखरांची. छापील कार्डापेक्षा ही बरीच महाग होती, आणि ब्रिटिश साध्या सैनिकाचा मूळ पगार दिवसाला एक शिलिंग होता. हिंदी, म्हणजे भारतीय, पायदळातल्या शिपायाला महिन्याला ११ रुपये, म्हणजे तेव्हाच्या दराने पंधरा शिलिंगांपेक्षाही थोडे कमी. गोऱ्या सैनिकाच्या निम्मे. त्यातून कुणी असं कार्ड घेतलं असेल तर ते सहज म्हणून घेतलेलं नसणार.

आता पणजोबांचं. घरातली गोष्ट आणि कार्ड यांचा मेळ बसतो का, हे पाहायला तुमचं झेंड्याचं कार्ड फार चांगलं आहे. युद्धात कोणता देश कधी उतरला हे पक्कं माहीत असल्यामुळे झेंड्यांवरून काळ काढता येतो. इटली मित्रराष्ट्रांच्या बाजूने मे १९१५मध्ये आली, पोर्तुगाल मार्च १९१६मध्ये, रुमानिया ऑगस्ट १९१६मध्ये, अमेरिका एप्रिल १९१७मध्ये. तुमच्या कार्डावर ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, रशिया आणि तो 'तिरंगा' असे पाच झेंडे आहेत. तो तिरंगा इटलीचा आहे. हिरवा, पांढरा, लाल, पट्टे उभे, आणि मधल्या पांढऱ्यावर लाल ठिपक्यासारखं जे दिसतं ती त्यांच्या तेव्हाच्या राजघराण्याची ढाल. लाल धागा उजेडाने विटून केशरी झाल्यामुळे घरच्यांना तो आपला वाटला, आणि का वाटणार नाही? पण १९१५ साली आपला तिरंगा अस्तित्वात नव्हता. चरख्याचा स्वराज्य ध्वज १९२१चा, आणि आजचा राष्ट्रध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगताना एवढं जरूर सांगा की इटलीचा झेंडा निघणं हे तुमच्या घराच्या गोष्टीला बळच देतं. ते कसं, हे आता पाहा.

खडकीचे सॅपर्स म्हणजे तेव्हाचे थर्ड सॅपर्स अँड मायनर्स, आजचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप. त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर १९१४च्या शरदात फ्रान्सला पोचल्या. हिंदी फौजेची पहिली जहाजं मार्सेलला लागली ती २६ सप्टेंबरला. जेमतेम महिन्याभराने, २८ ऑक्टोबर १९१४ला, या दोन्ही कंपन्यांना ४७व्या शीख पलटणीबरोबर न्यव्ह शापेल गावावर हल्ल्याला पाठवलं. पूल बांधायला, सुरुंग लावायला, खंदक खणायला तयार केलेली माणसं त्या दिवशी पायदळासारखी घराघरांतून लढली. हानी भयंकर झाली. दोन्ही कंपन्यांचे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले, आणि उरलेल्यांना हिंदी अधिकाऱ्यांनी आणि हवालदारांनी सांभाळून मागे आणलं. सॅपर्समध्ये मराठे, शीख आणि पंजाबी मुसलमान असत, तेव्हा सातारकडचा माणूस तिथे असणं अगदी स्वाभाविक आहे. १९१५च्या डिसेंबरात लाहोर डिव्हिजन फ्रान्स सोडून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला निघाली.

म्हणजे इटलीचा झेंडा मे १९१५च्या आधी कार्डावर येण्याचं कारण नाही, आकडा १९१५चा आहे, आणि कंपन्या वर्षअखेरीला निघून गेल्या. कार्ड उन्हाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, त्या सहा-सात महिन्यांतच घेतलेलं असावं, आणि तेव्हा तुमचे पणजोबा, सांगतात तसे या कंपन्यांत असतील तर, तिथेच होते. अमेरिकेचा झेंडा निघाला असता तर मी उलट सांगितलं असतं. हे पुराव्याच्या जवळ जातं, पण पूर्ण पुरावा नव्हे, कारण अशी कार्डं नंतर मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारातही फिरली. मोडीतला मजकूर मात्र बाजारातून येत नाही. इंग्रज कुटुंबाच्या अल्बममधल्या कार्डावर कुणी मोडीत लिहून ठेवत नाही. तुमच्याकडच्या सगळ्यांत ठाम गोष्टी त्या चार ओळी आहेत.

महाराष्ट्रातल्या अनेक घरांत 'पहिल्या लढाईत फ्रान्सला गेले' असं सांगतात, म्हणून हेही लिहून ठेवते: त्या युद्धातल्या मराठा पलटणी, १०३, ११०, ११४, ११७ वगैरे, लढल्या त्या मुख्यतः मेसोपोटेमियात. ११०वी कूटच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६च्या शरणागतीनंतर तिचे जवान तुर्कांच्या कैदेत गेले. बसऱ्याकडे ही फ्रेंच रेशमी कार्डं मिळत नव्हती. तेव्हा घरात पलटणीचं नाव मराठा लाइट इन्फन्ट्री असेल आणि कार्ड फ्रान्सचं असेल, तर जरा थांबून चौकशी करावी.

पणजोबांची खात्री करायची सगळ्यांत सोपी जागा म्हणजे पदकं. ट्रंकेत, देव्हाऱ्यात, कुणा आत्याकडे, कुठेतरी असतील. ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्यांना '१९१४ स्टार' मिळाला. हा पितळी रंगाचा चार टोकांचा तारा, आणि त्याच्या पाठीवर नंबर, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. चांदीच्या गोल ब्रिटिश वॉर मेडलवर हेच त्याच्या कडेवर असतं, नाण्याच्या कडेवर दाते असतात तिथे. चांदीचं म्हणून ते पुष्कळ घरांतून सोनाराकडे गेलं, पण ताऱ्याला कुणी हात लावला नसेल. घासू-पुसू नका, ब्रासो तर नकोच, अक्षरं उथळ होतात. फोटो काढा.

तिकीट नसण्याची काळजी सोडून द्या. ही कार्डं उघडी पाठवत नसत, रेशीम खराब होईल म्हणून पत्राबरोबर पाकिटात घालत. आघाडीवरच्या सैनिकांना टपाल फुकट होतं. त्यामुळे जगातल्या बहुसंख्य रेशमी कार्डांची पाठ अशीच बिनतिकिटाची आणि बिनशिक्क्याची आहे. शिक्का होता तो पाकिटावर. म्हणून ट्रंकेत पुन्हा एकदा नीट बघा, अस्तराच्या कागदाखालीही. साधं मळकं पाकीट दिसलं, फिल्ड पोस्ट ऑफिसचा आणि सेन्सॉरचा ठसा असलेलं, तर ते या कार्डांइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि त्या चार ओळींत गावाचं नाव, लढाईचं वर्णन असं काही निघालं नाही तर हिरमुसू नका. पत्रं तपासली जात. हिंदी सैनिकांच्या टपालासाठी फ्रान्समधल्या बुलोन्यला खास सेन्सॉर कचेरी होती, इव्हलिन हॉवेल नावाचा अधिकारी तिचा प्रमुख होता. तिथे पत्रं वाचून निवडक उतारे इंग्रजीत करून वरिष्ठांकडे पाठवत. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि हिंदी शिपाई काय विचार करत होता हे जगाला आज कळतं ते बरंचसं त्यांतून. बहुतांश उतारे उर्दू, गुरुमुखी, हिंदी पत्रांचे. ज्या पत्रांचा उतारा झाला नाही ती जिथे गेली तिथेच राहिली, आणि बहुतेक नष्ट झाली. म्हणून एका मराठी घरात उरलेल्या चार मोडी ओळींचं मला इतकं अप्रूप आहे. त्यांत 'खुशाल आहे, काळजी करू नये' एवढंच असेल. असू दे. 'टू माय डिअर मदर' या इंग्रजी अक्षरांचा अर्थ त्याला कुणीतरी सांगितला असेल, किंवा त्याने फक्त फुलं बघून घेतलं असेल. पाठीमागे मायना काय घातला आहे यावरून ते कार्ड कुणासाठी होतं हे कळेल.

मोडी वाचून घ्यायला कार्ड घेऊन फिरू नका. चांगला फोटो पुरे. दिवसा खिडकीजवळ, ऊन थेट न पडता, कार्ड सपाट ठेवून एकदा समोरून आणि एकदा बाजूच्या तिरक्या उजेडात फोटो काढा. पेन्सिल पुसट झाली तरी कागदावर दाब राहतो, तो तिरक्या उजेडात दिसतो. स्कॅनरचं झाकण भरतकामावर दाबू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी जाणणारी मंडळी भेटतात. वाचणाऱ्याला आधी सांगा की हा पेशवाई दप्तराचा कागद नाही, १९१५च्या सुमाराचं घरगुती अक्षर आहे. त्याने वाचनाला दिशा मिळते.

ठेवायचं कसं, हे आता. लॅमिनेशन अजिबात नाही. उष्णतेने प्लास्टिक रेशमात वितळून बसतं आणि ते परत कधीच निघत नाही. फेव्हिकॉल, सेलोटेप, दुहेरी टेपही नको. अल्बमचे चिकट किंवा मऊ पीव्हीसीचे कप्पेही नकोत, त्यातून निघणारी द्रव्यं रंगांना खातात. पॉलिएस्टरचं स्वच्छ पाकीट कागदी कार्डाला उत्तम, पण या कार्डांना थेट घालू नका, त्याच्या स्थिर विजेने सुटे धागे वर ओढले जातात. आम्लरहित जाड कागदाची घडी करा, भरतकाम दबणार नाही एवढी उंच कड ठेवा, वर आम्लरहित टिश्यू आणि मग आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी. आतलं छोटं छापील कार्ड खिशातच राहू द्या. सुटा धागा दिसला तर ओढू नका, कापू नका. पुढच्या कागदाची कड सुटली असेल तर तशीच राहू द्या, किंवा जाणकाराकडून गव्हाच्या स्टार्चच्या खळीने बसवून घ्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनकेंद्र आहे, तिथे विचारता येईल.

सातारकडचा पावसाळा हा खरा शत्रू. पेटी लोखंडी कपाटात मधल्या फळीवर ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको, जमिनीवर तर नकोच. सिलिका जेलच्या पुड्या चालतील, पण कार्डाला टेकू देऊ नका आणि त्या वरचेवर सुकवा. डांबराच्या गोळ्या आणि कापूर त्याच पेटीत नको. कसर होऊ नये म्हणून औषधापेक्षा दर महिन्याला उघडून बघणं जास्त उपयोगी. जून ते सप्टेंबरात तर आठवड्याला. बुरशीचा पांढरा थर दिसला तर झटकू नका, कोरड्या हवेशीर खोलीत पेटी उघडी ठेवा आणि मग मऊ ब्रशने, कार्डाला समांतर, हलकेच.

भिंतीवर लावायची हौस असेल तर छायाप्रत लावा. रंगीत प्रिंट आजकाल इतकी छान येते की दिवाणखान्यात कुणाला फरक कळत नाही. मूळ कार्ड उजेडात राहिलं की आधी जांभळा जातो, मग लाल. तुमचा इटलीचा झेंडा केशरी झाला तो असाच. संग्रहालयांत अशा कापडाला ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड देत नाहीत, तोही काही महिनेच.

किंमत. फुलं आणि 'माय डिअर मदर'ची कार्डं इतकी निघाली की इंग्लंडात ती आजही काही पौंडांत मिळतात. रेजिमेंटच्या बिल्ल्याची, त्यातही दुर्मीळ तुकड्यांची, बरीच महाग जातात. तुमच्या दोन कार्डांचा त्या बाजाराशी संबंध लावू नका. खरेदीदार तुम्हाला भरतकामाचे पैसे देईल आणि मोडीकडे 'पाठीवर लिहून खराब केलंय' म्हणून बोट दाखवेल. मी स्वतः याउलट मानते. त्या एक कोटींतली मोडी लिहिलेली कार्डं किती उरली असतील? विकायचीच वेळ आली तर दोन्ही कार्डं, पदक, पाकीट आणि ट्रंकेतले इतर कागद एकत्रच द्या, आणि शक्यतो संग्रहालयाला. वेगवेगळी झाली की कार्ड नुसतं फुलांचं कार्ड राहतं आणि पदक नुसतं पदक.

एक काम या आठवड्यात करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि पणजोबांबद्दल जे जे आठवतं ते वेगळ्या कागदावर उतरवून घ्या: कुणी सांगितलं, त्यांनी ते कुणाकडून ऐकलं, कोणत्या तारखेला लिहिलं. कार्डावर पेनने काहीही लिहू नका, पाठीच्या मोकळ्या जागेतही नाही. तो कागद पेटीत, पण कार्डापासून वेगळ्या पाकिटात.

मग मोडीचं वाचन आणि ताऱ्याच्या पाठीवरचा नंबर, दोन्ही मिळाले की मला पाठवा. कंपनीचा आकडा २० किंवा २१ निघाला तर खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपकडे काय आणि कसं विचारायचं, ते पुढच्या पत्रात कळवते.